साळू खिंकाळली होती

टॅम्पिनीस, सिंगापूर
२९ मार्च २००३

अनुसया वन्सं,

पाकिटावरचं नाव बघून हे चुलीत घालायला निघाला असाल तर जरा थांबा. पंचावन्न वर्षांत मी तुम्हाला चार ओळी पाठवल्या नाहीत, त्या अर्थी आज काम असणार, एवढं तरी धरून चाला. आधी फोन करून बघितला. शैलेंद्रच्या घरी तीनदा लावला. एकदा तुम्ही देवळात होतात, एकदा अंघोळीला आणि एकदा झोपला होतात, सकाळी अकरा वाजता. तुमचा मुलगा आईसाठी खोटं बोलताना अडखळतो. बापावर गेलाय.

तुमचे दादा जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हाही तुम्ही आला नाहीत. मी वाट बघितली नव्हती, त्यामुळे त्याचा राग नाही. आता मी प्रबोधकडे असते. तो इथे बँकेत आहे, सून विनीता ऑफिसात जाते, नात आर्या सहावीत आहे आणि माझ्या मराठीला इथल्या इंग्रजीत उत्तर देते, वाक्यामागे ‘लाह’ लावून. नवव्या मजल्यावर घर. खाली उतरले की सगळं स्वच्छ आणि बोलायला कुणी नाही. परवापासून शाळा बंद केल्यात. कसला तरी नवा ताप आलाय, माणसं मरतायत, लोक तोंडाला फडकं बांधून फिरतायत. विनीता दिवसातून सहा वेळा माझे हात धुववते. मी म्हटलं, बाई, मी रझाकारांच्या काळातून वाचले, तुझ्या साबणानं मरेन. तिला हसू आलं नाही. घरात कुणालाच सध्या हसू येत नाही.

तर काम सांगते. पळसवेळहून स्मारक समितीचा कागद आलाय. सात मेला त्या रात्रीला पंचावन्न वर्षं होतील. त्या दिवशी फाट्यावर तुमच्या दादांचा पुतळा बसवणार आहेत, घोड्यावरचा. जागा आपल्या रानातली, सात-बाऱ्यावर माझं नाव. बक्षीसपत्रावर माझी सही झाली की समितीचं काम मोकळं. प्रबोध मला हायकमिशनात नेऊन सही करवून घेणार आहे. पुतळा करणाऱ्यानं विचारलंय, घोडा कुठल्या रंगाचा, आयाळ केवढी, शेपूट बांधलेली की सुटी. घोडा नव्हता, घोडी होती, एवढं सांगायला लावलं मी.

पुतळ्याखाली काळा दगड बसणार. त्यावरचा मजकूर प्रबोधनं मोठ्यानं वाचला. वर तुमच्या दादांचं नाव, निजामाच्या राजवटीशी लढलेल्या अश्वदलाचे सरदार म्हणून. खाली त्या तीन पोरांची नावं. आणि शेवटची ओळ अशी: ‘विश्वंभर मास्तर या फितुराने शत्रूस खबर दिल्यामुळे हे तीन वीर धारातीर्थी पडले.’

प्रबोध वाचताना अडखळला नाही. आत्याचा नवरा याच नावाचा होता हे त्याला माहीत नाही. आमच्या घरात ते नाव कुणी घेत नसे. आत्या वाटणीवरून भांडून गेली, असं त्याला लहानपणी सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं.

ती ओळ खोटी आहे. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मी ते सांगतेय, ही गोष्ट वेगळी आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

मला एवढंच कळवा, दगडावरचं तुमच्या कानावर आलंय का? आलं असेल तर तुमच्या मनात काय आहे? सहीला अजून वेळ आहे.

पत्र प्रबोधकडे टाकायला देतेय. तो ऑफिसातून जाताना टाकेल.

केवळा


टॅम्पिनीस
९ एप्रिल २००३

वन्सं,

अकरा दिवस झाले. पोस्टातला माणूस सांगतो, इकडून तिकडे आठ दिवस लागतात. म्हणजे तुमचं उत्तर इतक्यात यायचं नाही, हे मला कळतं. तरी रोज खाली पेटी उघडून बघते. पेटीत पिझ्झाच्या जाहिराती असतात.

इथे नवंच झालंय. विनीता एका आजारी बाईला भेटून आली होती, त्या बाईला तोच ताप निघाला. आता विनीतानं दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. सरकारी माणसं येऊन दिवाणखान्यात कॅमेरा लावून गेली. केव्हाही फोन येतो, की ती कॅमेऱ्यापुढे उभी राहते आणि थर्मामीटर दाखवते. चांगली शिकलेली बाई, चोरासारखी उभी असते. ती आतल्या खोलीत एकटी जेवते आणि आर्या दाराबाहेर बसून तिच्याशी गप्पा मारते. मी ताट दाराशी ठेवते. ताप नसताना एवढा पहारा. तुम्हाला, फितुराची बायको म्हणून, बाळंतपणात कुणी पाण्याचा तांब्या दिला नसेल, हे तेव्हा माझ्या मनात आलं. आलं ते लिहिलं. तुम्हाला माझी कणव नको, मलाही ती करता येत नाही.

प्रबोधनं समितीच्या पुस्तकासाठी माझ्या नावानं आठवणी लिहून काढल्यात. ‘माझे पती हैबतराव लहानपणापासूनच निर्भय होते.’ मी म्हटलं, तुझा बाप पालीला भ्यायचा. लिही. त्यानं लिहिलं नाही.

खरं सांगायचं तर तुमचे दादा घोडदळाचे सरदार वगैरे नंतर झाले, स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मिळाल्यावर. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि त्यांच्याजवळ सोळा घोडी होती. त्यातली पाच बाजाराला जाणारी, दोन लंगडी. पण माणूस घोड्यावर बसला की वेगळाच दिसायचा, हे मी कबूल करते. पाच कोस अंधारात, वाट न चुकता. टापांना गोणपाट बांधायचे, घोड्यांच्या तोंडाला तोबरा. निजामाच्या जकातीचा, करोडगिरीचा नाका जाळून, बंदुका घेऊन, कोंबडा आरवायच्या आत बार्शीच्या हद्दीतल्या कॅम्पावर परत, जिथं आपण सगळे बिऱ्हाडं मांडून होतो. आणि त्यांचा एक नेम होता, तुम्हाला आठवत असेल. आज कुठं जायचं ते आदल्या दिवशी कुणाला सांगायचं नाही. दुपारी घोड्यांना चंदी घालून झाली, की मग चिंचेखाली सगळ्यांना बसवून सांगायचे. मला सुद्धा तेव्हाच कळायचं. त्यामुळे फितुरी व्हायची तर त्या दुपारनंतरच व्हायला हवी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

समितीला वाटतं ती लढाई होती. होती लढाई, पण गावातल्या गावात. आपल्या घोड्यांना नाल मारणारा बाबूमियाँ एका हातानं आपलं काम करायचा आणि दुसऱ्या हातानं पलीकडच्यांचं. कुणाला कुणाचा भरवसा नव्हता. सकाळी भाकरी मागून नेलेला माणूस रात्री कुठल्या बाजूला असेल ते सांगता यायचं नाही. त्या हवेत फितूर हा शब्द तोंडावर तयारच असायचा.

आता घोडीचं. पुतळा करणाऱ्याला मी सांगितलं, साळू पंचकल्याणी होती, चारी पाय आणि कपाळ पांढरं. एवढंच सांगितलं. आणखी एक सांगायला पाहिजे होतं. ते तुम्हाला सांगते.

साळू त्या दिवशी ओली होती. शिंगरू अठरा दिवसांचं. बाबूमियाँनं नाल मारताना तुमच्या दादांना सांगितलं होतं, महिनाभर हिला नेऊ नका, पिल्लाच्या मागे हिचं डोकं ठिकाणावर नसतं. मीही सांगितलं. शिंगरू माझ्या ओसरीच्या खांबाला बांधलेलं असायचं, मला दिसत होतं घोडीचं काय चाललंय ते. तुमचे दादा म्हणाले, साळूशिवाय मी गेलो तर पोरं म्हणतील सरदार घाबरला. गेले तिलाच घेऊन.

नाक्याजवळच्या ओढ्यात सगळे दबा धरून होते. नाक्याच्या तबेल्यात कुणाचं तरी शिंगरू ओरडलं. साळूला पान्हा फुटला होता, तिनं तोबऱ्यातूनच उत्तर दिलं. खिंकाळली. नाक्यावरच्यांना आणखी काय पाहिजे? गोळ्या सुटल्या. तीन पोरं ओढ्यातच राहिली.

हे मला कुणी सांगितलं विचाराल. तुमच्या दादांनी. पहाटे घोडी बांधून आत आले, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाले, “साळू खिंकाळली.” मग म्हणाले, “कुणाला बोललीस तर.” पुढचं बोलले नाहीत. मला पुढचं लागलंही नाही.

आता कॅमेऱ्याचा फोन वाजतोय. विनीता झोपलीय, उठवायला हवं.

केवळा


टॅम्पिनीस
१७ एप्रिल २००३

वन्सं,

उत्तर नाही. माझं मलाच वाटतं, मी तुमच्या जागी असते तर मीही दिलं नसतं. पण घोडीचं वाचून तुम्ही गप्प बसाल असं वाटलं नव्हतं. शिव्या तरी द्याल असं वाटलं होतं. तुमच्या शिव्या चांगल्या असायच्या.

इकडे दिवस कमी होत चाललेत. पुस्तक छापायला गेलंय. दगड लातूरला कोरायला दिलाय. प्रबोधनं एक मेची तिकिटं काढली होती ती परत केली, ऑफिसवाले कुणाला देशाबाहेर जाऊ देत नाहीत आणि गेलं तरी तिकडे विमानतळावर अडवून ठेवतात म्हणे. म्हणजे मी सात मेला तिथे नसणार. जे करायचं ते इथूनच. समितीचे चिटणीस एक दिवसाआड फोन करतात, ‘आईसाहेबांची सही तेवढी बघा.’ मला कुणी आईसाहेब म्हणालं की पदर सावरण्याऐवजी पिशवी सावरावीशी वाटते.

गेल्या शनिवारी प्रबोध बक्षीसपत्र घेऊन आला. म्हणाला, सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा घेतलीय, हायकमिशनात जाऊ.

मी म्हटलं, “आधी शेवटची ओळ काढायला सांग.”

“आई, ते इतिहासात आहे.”

“कुठल्या?”

“सगळे हेच सांगतात. बाबाही सांगायचे.”

“तुझे बाबा काय सांगायचे ते मला माहीत आहे. मी शेजारी बसून ऐकायचे.”

तो म्हणाला, “पन्नास वर्षांपूर्वीचं आता कुणाला काय करायचंय?”

मी म्हटलं, “मग पुतळा कशाला करतोस?”

तो उठून गॅलरीत गेला. बापासारखाच, राग आला की पाठ दाखवतो. विनीता दाराच्या फटीतून ऐकत होती. ती नंतर मला म्हणाली, आई, तुम्ही काहीतरी लपवताय. शहाणी आहे. दहा दिवस कोंडून घातलं की माणसाला ऐकू जास्त येतं.

लपवतेय. तेच आता लिहिते. मागच्या पत्रात घोडीचं लिहिलं, ते तुमच्या दादांचं पाप होतं, लिहायला सोपं गेलं. हे माझं आहे.

सकाळी चिंचेखाली सगळे जमले. त्या तीन पोरांचे बाप होते. एकाच्या डोक्याला फेटा नव्हता, तो सारखा डोक्यावरून हात फिरवत होता. कुणीतरी म्हणालं, खबर गेल्याशिवाय असं होत नाही. तुमचे दादा काही बोलले नाहीत. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, माझीच घोडी ओरडली म्हणून. त्या बापांच्या तोंडावर त्यांना ते झालं नाही. मग कुणी मास्तरांच्या पिशवीतून निजामाच्या शाळेचा जुना उर्दू कागद काढला. पगाराचा कागद, पण वाचता कुणाला येत होतं? ज्याला वाचता येत होतं तोच आरोपी.

तुमच्या दादांनी विचारलं, “मास्तर, काल दुपारनंतर कुठं होतात?”

मास्तर म्हणाले, “इथंच होतो.”

“कुणी बघितलं?”

वन्सं, तेव्हा त्यांनी माझ्या दाराकडे बघितलं. एकदाच. मी दारामागे उभी होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “कुणी नाही.”

ते माझ्या ओसरीवर होते. चंदी घालून झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत. मला अक्षरं गिरवून देत होते.

तुम्ही सुईणीकडे गेला होतात, सहावा महिना होता, पोटात दुखत होतं. महिनाभर चाललं होतं आमचं. मीच त्यांच्या मागे लागले होते. कॅम्पात चिठ्ठ्या येत, माणसं वाचत, हसत, गप्प होत आणि मला काही कळत नसे, याचा मला राग यायचा. ते ओसरीच्या एका टोकाला बसत, मी उंबऱ्याच्या आत, मध्ये शिंगरू. आमच्यात वाईट काही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष माझ्या ‘क्ष’ कडे असायचं, तो मला कधी आलाच नाही. पण सतरा वर्षांची सरदाराची बायको, नवरा मोहिमेच्या गडबडीत आणि परका पुरुष दुपारभर तिच्या ओसरीवर. हे मी त्या चिंचेखाली कसं सांगणार होते? नाका सहा कोसांवर आणि सगळे दिवेलागणीलाच निघाले. दुपारभर माझ्याकडे बसलेला माणूस त्यांच्या आधी तिथे जाऊन येऊच शकत नव्हता. एवढं एक वाक्य होतं.

ते माझं नाव घेतील म्हणून मी घाबरले होते. त्यांनी घेतलं नाही. मी बोलेन म्हणून ते थांबले असतील. मी बोलले नाही. तेवढ्यात झालं. तुमच्या दादांच्या पिस्तुलाचा आवाज घोड्याच्या चाबकापेक्षा मोठा नव्हता. शिंगरू दावं तोडून पळालं, ते पकडायला माणसं धावली. हे मला सगळ्यात जास्त आठवतं, की मास्तर पडले आणि माणसं शिंगरामागे धावली.

संध्याकाळी तुम्ही कायमच्या जायला गाडीत बसलात. बसताना माझ्याकडे बघितलंत. भावजय आपली बाजू घेईल असं तुम्हाला वाटलं असणार. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. त्यात एकही खडा नव्हता.

आता तुम्हाला कळलं. पुढचं तुम्ही ठरवा. तुमच्या उत्तराशिवाय मी सही करायची नाही असं ठरवलंय. सोमवार टाळला, पोटात दुखतं म्हणाले. आता ताप आलाय असं म्हणण्याची सोय राहिली नाही, घरात कॅमेरा आहे.

केवळा


टॅम्पिनीस
२३ एप्रिल २००३

वन्सं,

आधीची तीन पत्रं तुम्हाला मिळाली नाहीत. ती या पाकिटात आहेत. तारखांप्रमाणे वाचा, मग हे.

शाळा मागच्या आठवड्यात सुरू झाल्या. रोज सकाळी ताप मोजून वहीत लिहून न्यावा लागतो. आज थर्मामीटर सापडेना, म्हणून आर्यानं बापाची ऑफिसची बॅग उपसली. माझ्यापुढे येऊन उभी राहिली, हातात तीन पाकिटं.

“आजी, युवर लेटर्स. पापा नेव्हर पोस्ट, लाह.”

तीनही फोडलेली होती.

मी महिनाभर पेटी उघडत होते. तुम्हाला शिव्या देत होते, मनात. त्या परत घेते.

प्रबोधला मी संध्याकाळपर्यंत काही बोलले नाही. तो घरी आला, बूट काढले, टेबलावरची पाकिटं बघितली आणि तिथेच बसला. विनीता आता मोकळी झालीय, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हात पुसत उभी राहिली. कुणाच्या बाजूनं ते कळेना.

तो म्हणाला, “पहिलं वाचलं, तेव्हा मला वाटलं तुझा गोंधळ झालाय. वयामुळे.”

“आणि तिसरं वाचल्यावर?”

त्यानं तिसरं पाकीट उलटं करून ठेवलं. मग म्हणाला, “आई, हे बाहेर आलं तर लोक बाबांना काय म्हणतील? आणि तुला काय म्हणतील? परका माणूस, दुपारी, ओसरीवर.”

मी म्हटलं, “मी बहात्तर वर्षांची आहे. माझी अब्रू आता कुणाच्या कामाची? सतरा वर्षांची होते तेव्हा ती वाचवली. बघितलंस ना काय झालं.”

“बाबांनी मुद्दाम केलं असेल असं वाटतं तुला?”

हा प्रश्न त्यानं आर्यासारखा विचारला, लहान तोंड करून. मला खोटं बोलता आलं असतं, सराव आहे. मी म्हटलं, “घोडीला नेलं ती चूक होती. मास्तरांना मारलं ती चूक नव्हती, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. त्यानंतर ते जन्मात घोड्यावर बसले नाहीत. तू म्हणायचास बाबा जीप का वापरतात. साळू त्यांनी आठवड्यात विकली, शिंगरू तेवढं ठेवलं, गाईच्या दुधावर. आणि मरायच्या आदल्या दिवशी मला विचारत होते, शिंगरू बांधलंस का. तू तेव्हा शेजारी होतास. तुला वाटलं वातात बोलतायत.”

तो रडला. मी रडू दिलं. विनीतानं पाणी आणलं. आर्या मधे येऊन त्याच्या कपाळाला थर्मामीटर लावायला लागली.

मग त्यानं स्वतःच चिटणिसांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी सांगितलं, शेवटची ओळ जाईपर्यंत सही नाही.

चिटणीस म्हणाले, “आईसाहेब, दगड कोरून झाला.”

“मग दुसरा कोरा.”

“बरं, त्या ओळीवर सिमेंट भरून टाकू, कुणाला दिसणार नाही.”

“भरलेलंच आधी दिसतं. दुसरा दगड. त्यावर मास्तरांचं नाव त्या तिघांबरोबर. चौथं.”

“पण पुरावा काय?” म्हणाले. “आज पंचावन्न वर्षांनी तुम्ही नुसतं म्हणताय.”

पुरावा आहे, वन्सं. तो कुणाला दाखवला नव्हता. तुमच्या दादांना नाही, प्रबोधला नाही. कुंकवाच्या करंड्याच्या तळाशी, कापडात गुंडाळलेला, पळसवेळहून पुण्याला आणि पुण्याहून इथे, विमानात माझ्या मांडीवर.

मास्तरांची सवय तुम्हाला आठवत असेल. शाळेत असो की ओसरीवर, अक्षर काढायच्या आधी पानाच्या डोक्यावर तारीख आणि वार. मला ओरडायचे, तारीख नसलेलं पान म्हणजे नाव नसलेलं माणूस. त्या दुपारचं पान माझ्याकडे आहे. ‘शुक्रवार, ता. ७ मे १९४८.’ त्याखाली त्यांच्या हातची एक ओळ आणि खाली मी गिरवलेल्या नऊ. शेवटच्या दोन ओळींवर शिंगरानं तोंड घातलंय, कोपरा खाल्लेला आहे. नऊ ओळी गिरवायला मला किती वेळ लागायचा ते ज्यानं बाईला पहिल्यांदा अक्षर काढताना बघितलंय त्याला कळेल.

प्रबोधनं त्याची नक्कल फॅक्सनं समितीला पाठवली. सोबत माझं निवेदन, माझ्याच हातचं. तो म्हणाला, शुद्ध करून टाइप करू का? मी म्हटलं, तुझ्या अक्षरात तुझ्या बापाची आठवण लिहिलीस ना, ही माझ्या अक्षरात जाऊ दे. चिटणिसांचा अजून फोन नाही. दोन आठवडे आहेत. दुसरा दगड कोरतात की पुतळाच दुसऱ्या कुणाच्या रानात नेतात, मला माहीत नाही. बक्षीसपत्र माझ्या उशीखाली आहे आणि त्यावर सही नाही. सही करायला मला ज्यानं शिकवलं, त्यालाच फितूर ठरवायला ती वापरायची नाही.

तुम्ही मास्तरांचं नाव दगडावर नको म्हणालात, त्या तिघांशेजारी, तुमच्या दादांच्या पायाखाली, तरी मला चालेल. तो अधिकार तुमचा. शैलेंद्रकडून एक फोन करवा. या वेळी तुम्ही अंघोळीला गेला असाल तरी तो निरोप घेईल.

विमानं सुरळीत झाली की मी येणार आहे. तुमच्या ओट्यावर बसेन. आत घ्या म्हणणार नाही. क्षमाबिमा मागायची मला सवय नाही आणि तुम्हाला द्यायची नसेल. पण तुम्ही जे विचाराल ते सांगेन.

हे पाकीट मी प्रबोधकडे दिलं नाही. उद्या आर्याची शाळा सुटली की ती आणि मी पोस्टात जाणार आहोत. रजिस्टर करणार, पावती घेणार. आर्याला इंग्रजी बोलायला नेतेय, पाकीट माझ्या हातात राहील.

आता शेवटचं. फॅक्सनं गेली ती नक्कल. अस्सल पान या पाकिटात आहे, प्लास्टिकमध्ये घालून. गाडी गेल्यावर मास्तरांची पिशवी, वह्या, सगळं चिंचेखालीच जाळलं होतं. त्यामुळे त्यांच्या हातचं तुमच्याकडे काही नसणार. शैलेंद्रनं तर बापाचं अक्षर कधी बघितलंच नसेल.

वरची ओळ त्यांची आहे. खालच्या वाकड्या माझ्या. माझ्या कापून टाकल्या तरी चालेल.

केवळा